घटाखालचा टीव्ही

२० सप्टें., शनिवार
फिजिओथेरपीला येणारी पोरगी आज पुन्हा म्हणाली, "काकू, बोटांत ताकद आलीय. काकाच वापरत नाहीत."
व.ना अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले. उजवा हात मांडीवर पाहुण्यासारखा ठेवून बसतात. रबरी चेंडू दिला तर म्हणे, "मी काय लहान मूल आहे?" लहान मूल परवडलं. त्याला नवऱ्याचा मान द्यावा लागत नाही.
मेधाचा पुण्याहून फोन. "आई, माळ्यावरचा माझा व्हिडिओ गेम काढ. बाबांनीच मला त्या बंदुकीने बदकं मारायला शिकवलं होतं. खटका दाबायला बोट वाकवावंच लागेल." लेकीला पुण्यात बसून बरं सुचतं. माळ्यावर चढायला मी.

२१ सप्टें., रविवार
सापडला. खोकं, बंदूक, पिवळी कॅसेट, सगळं शाबूत. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्लग खुपसण्यात गेली, त्यामुळे नव्या सपाट टीव्हीला वायरी जोडायला दोन मिनिटं पुरली. चित्र लगेच आलं.
व.नी बंदूक स्वतःहून उजव्या हातात घेतली! डाव्याने मनगट धरलं. बोट वाकलं. अकरा वेळा खटका दाबला.
एकही बदक पडलं नाही.
बंदूक हळूच टेबलावर ठेवली. "गेला हात." जेवले नाहीत.

२२ सप्टें., सोमवार
बंदूक घेऊन शेखभाईंकडे गेले. एके काळी सगळ्या राहुरीचे टीव्ही दुरुस्त करायचे, आता मोबाईलची कव्हरं विकतात. बघताक्षणी हसले. "म्याडम, सायबांचा नेम चुकला न्हाई. नव्या टीव्हीवर ही बंदूक आंधळी. हिला जुना डब्याचाच टीव्ही लागतो."
म्हणजे माझ्या हुशारीने मीच त्यांना नापास केलं. घरी येऊन सगळं सांगितलं. तर व. म्हणे, "समजूत घालू नकोस."
मी! उभ्या जन्मात कुणाची समजूत घातली आहे मी?
आमचा डब्याचा टीव्ही पाच वर्षांपूर्वी सोनईला अलकाला, म्हणजे धाकट्या जावेला, दिला होता. फोन केला. म्हणाली, "अगं बया! आजच त्याच्यावर घट बसवला की."

२३ सप्टें., मंगळवार
एसटीने सोनई. बस गळकी. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा विश्वास बसला. टीव्हीवर पाट, पाटावर पत्रावळ, माती, घट, वर माळ.
"अलका, घट स्टुलावर ठेव आणि टीव्ही दे."
"बसवलेला घट हलवत्यात व्हय, ताई? दसऱ्यालाच उठंल त्यो."
"पण टीव्हीवर कशाला बसवायचा?"
"खाली उंदरं कोंब खात्यात. तुमच्या कानवेटात शिकवलं न्हाई का?"
कॉन्व्हेंटात आवाज चढवू नये हे शिकवलं होतं. चढवला. दीर गोठ्यात निघून गेले. त्यांना बरोब्बर कळतं कधी जायचं.
मग अलकानेच विचारलं, "दादांचा हात कसा हाय?" अकरा बदकांचं सांगितलं. पदर डोळ्याला लावला तिने. "देवीला सांगते मी. पन घट न्हाई हलायचा."
ती चहा टाकायला आत गेली तेव्हा पाटाला दोन्ही हात घातले होते. उचलला असता. मागे घेतले. का, ते मला विचारू नये.

२७ सप्टें., शनिवार
पाऊस थांबायचं नाव नाही. व.नी फिजिओच्या पोरीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. उगाच तुझाही वेळ." किती सभ्यपणे! माझ्याशी इतकं सभ्य कधी बोलले नाहीत. ती दारात माझ्याकडे बघत राहिली. दसऱ्यानंतर फोन करते म्हटलं.
तिकडे अलका रोज घटाला पाणी घालत असणार, आणि ते खाली झिरपून...
दमले.

३ ऑक्टो., शुक्रवार
टीव्ही आला. टेम्पोत, गोधडीत गुंडाळून, सोबत स्वतः अलका. घटातले पिवळे कोंब आणले होते, ते तिने व.च्या कानावर खोवले. त्यांनी ते काढले नाहीत.
मागच्या जाळीत माती, आणि ज्वारीचा एक कोंब आत उगवलेला! मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला तर शेखभाई फोनवर ओरडले, "हात लावू नका! बंद असला तरी झटका देतो त्यो." संध्याकाळी आले, उघडला, ब्रशने साफ केला. "दोन दिस वाळू द्या."
अजून दोन दिवस. बरं.

५ ऑक्टो., रविवार
या जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचं भोक. गेमसोबतची जोडणीची डबी तिथे लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुढच्या झाकणाआडची बारकी चकती अर्धा तास फिरवली. आधी आवाज आला, मग चित्र, तिरकं, मग सरळ.
खात्री करायला आधी मी मारलं. पहिल्याच गोळीला बदक खाली. दुसरंही. "बघा! सपाट टीव्हीचाच दोष होता."
व. म्हणाले, "तुझं बोट चांगलं आहे. टेलिफोनवालीचं." बंदूक पुढे केली. घेतली नाही. खिडकीबाहेर बघत बसले.
तेव्हा मला कळलं. आता टीव्हीचा दोष उरलेला नाही. आता चुकलं तर ते खरंच चुकणार.
कळलं, तरी तोंड आवरलं नाही. "मग बसा मेल्यासारखे हात मांडीवर घेऊन!"
असं बोलायला नको होतं.

६ ऑक्टो., सोमवार
सकाळपासून अबोला. फिजिओच्या पोरीचा फोन आला, "येऊ का काकू?" उद्या सांगते म्हटलं. टीव्ही बंद केला, वायर भिंतीतून काढली, बंदूक त्यांच्या खुर्चीजवळ स्टुलावर राहिली ती राहिली.
अकराच्या सुमाराला कुकर लावला. बाहेरच्या खोलीतून खट्. वाटलं, खिडकी. मग पुन्हा खट्. थोडं थांबून, खट्.
बंदुकीचा खटका. बंद टीव्हीवर. तिथे चुकत नाही काही.
बाहेर गेले नाही. कुठल्या हाताने, ते ओट्यापाशी उभं राहून दिसत नाही. शिट्टी व्हायला आली होती, गॅस बारीक केला.