तीन बुधवार, गैरहजर

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. आपलं डोकं जागेवर आहे याची नोंद आपल्यापाशी असावी, एवढ्यासाठी.

वस्तुस्थिती: पाच महिन्यांपूर्वी बायको मुंगीला घेऊन भावाकडे गेली. मुंगी म्हणजे मुलगी, वय नऊ. लहानपणापासून सारखं काहीतरी ओढून नेत असते म्हणून मुंगी. जाताना बायको म्हणाली, तुझ्याशी बोलणं म्हणजे रोज परीक्षा देणं. यात तक्रार काय, ते अजून कळलेलं नाही. मी वाहन परवान्याच्या चाचण्या घेतो, वीस वर्षं झाली. परीक्षा घेणं हा माझा स्वभाव नाही, नोकरी आहे.

दर रविवारी दहा ते सहा मुंगी माझ्याकडे. आज ऑम्लेट जळलं. तिने मुकाट खाल्लं.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. ऑम्लेट शिकायचं. मार्चअखेर दोघी घरी परत.

७ जानेवारी, बुधवार, सकाळी ९.१०

पोस्टमन. कोर्टाचं रजिस्टर पाकीट. बायकोने आधी सांगितलंच होतं, घटस्फोट मागणार आणि मुंगीचा ताबाही. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. पोस्टमन म्हणाला, साहेब, घ्या की, कागदच आहे. मी म्हटलं, 'घेण्यास नकार' असा शेरा मार आणि जा. बिचाऱ्याने मारला.

आता हे नीट लिहून ठेवतो. आमच्या ट्रॅकवर उमेदवार आला नाही तर चाचणी होत नाही. नवी तारीख पडते. एक गृहस्थ चार वर्षं आलेला नाही, अजून तो नापास नाही. लग्नाला दोघं लागतात, मोडायलाही दोघं लागणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढणार नाही. केस जागच्या जागी उभी राहील.

११ जानेवारी, रविवार

मुंगीबरोबर बायकोची चिठ्ठी. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट हवाय. तीन मिनिटांत काढून दिलं, प्लास्टिकच्या पाकिटात, तारखेनुसार. बघू दे, बाप किती व्यवस्थित आहे ते.

ऑम्लेट पुन्हा राहिलं. ब्रेड.

१६ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसातल्या हेडक्लार्कला सहज विचारलं. म्हणाला, नोटीस नाकारली तरी मिळाली असंच धरतात. गेला नाहीत तर एकतर्फी निकाल लागतो, मग बसा बोंबलत. आजच वकील गाठा, मुलीचा प्रश्न आहे.

त्याचा स्वतःचा घटस्फोट झालाय. म्हणजे हा नापास झालेल्या माणसाचा सल्ला. ऐकून घेतलं, चहा पाजला, विषय संपवला.

२३ जानेवारी, शुक्रवार, दुपारी १

कोर्टाचा बेलिफ आला. मी दार उघडलं नाही. त्याने शेजारच्या काकांना साक्षीदार केलं आणि दारावर नोटीस चिकटवली. भोकातून बघत होतो. डिंक फार लावतात. तो गेल्यावर पातं घेऊन खरवडली, न वाचता. तरी '४ फेब्रुवारी, बुधवार' एवढं डोळ्यांत शिरलंच. रंगाचा पोपडा निघाला दाराचा.

कोर्टाला कडक पत्र लिहायचं, रंगाबद्दल. उद्या.

१ फेब्रुवारी, रविवार

मुंगीने दिवसभर काही ओढून नेलं नाही. संध्याकाळी बूट घालताना खाली बघत म्हणाली, "बाबा, बुधवारी तू ये ना."

तिला हे सुचेल? शक्यच नाही. बायकोचं शिकवणं. आजवर हजारो उमेदवार पाहिलेत, पाठ केलेलं वाक्य मला लगेच ओळखू येतं. म्हटलं, बुधवारी चाचण्या असतात बाळा. ती बरं म्हणाली. हट्ट केला नाही, म्हणजे पाठ केलेलंच होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

ट्रॅकवर. चौदा उमेदवार, नऊ नापास. एक बाई रडली. अकराला तिकडे माझं नाव पुकारलं असेल. पुकारा म्हणावं.

नवी तारीख पडली असणार. आपला अंदाज चुकत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मुंगी शाळेचा नकाशा घेऊन आली. पट्टीने काहीतरी मोजत होती. विचारलं तर म्हणाली, आईचं नवं हॉस्पिटल. बायको नर्स आहे. पट्टीवर अकरा सेंटिमीटर आलं. विमानाने चार तास, हेही तिला माहीत. म्हणाली, तिथे माझी शाळा पण बघून ठेवलीय.

उगाच धमक्या आहेत. पोरीला पुढे करून बोलायचं, हे मला पटत नाही. तसं तिच्यासमोर बोलूनही दाखवलं, जरा मोठ्याने. तिने पट्टी दप्तरात ठेवली.

संकल्प क्रमांक एक: पुन्हा पहिल्यापासून.

१८ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी १०.५०

दुसरी तारीख. हेडक्लार्कने कॉम्प्युटरवर बघून सांगितली, मी विचारलं नव्हतं. अर्धा दिवस रजा टाकली. जायचं म्हणून नाही, फक्त जागा पाहून ठेवायला.

कोर्टासमोर गाडीत बसलोय. समोर वकिलांच्या अकरा गाड्या, सात चुकीच्या लावलेल्या. फाटकातून मुंगीच्या शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आत गेली, पाठमोरी, दोन वेण्या. शाळा चालू असताना पोरं कोर्टात कशाला आणतात कोण जाणे. आईबापांना काही वाटत नाही.

११.४०. छातीत धडधडतंय. ॲसिडिटी. परत निघालो.

४ मार्च, बुधवार

तिसरी. पोट बिघडलं. खरंच बिघडलं.

१५ मार्च, रविवार

मागच्या रविवारी मुंगी आली नव्हती, ताप होता. आज आली. मीच विचारलं, गप्प का? तर म्हणाली, जज बाईंनी मला आत बोलावलं होतं. त्या छान आहेत. त्यांच्या टेबलावर रंगीत पेन्सिली आहेत.

कधी, म्हटलं. चार तारखेच्या बुधवारी. काय विचारलं? म्हणाली, "ते फक्त त्यांना सांगायचं असतं, बाबा."

माझ्या मुलीची चाचणी, मला न कळवता. हा सरळसरळ नियमभंग. मी शांतपणे पाच-सहा वेळा विचारलं, बाबांबद्दल काय बोललीस म्हणून. रडायला लागली. शेवटी सहाच्या ऐवजी पाचलाच सोडून आलो. दारात बायको उभी होती. मुंगीला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. तिला काही भांडायचं उरलेलं नाही असं वाटलं. हे चिन्ह चांगलं की वाईट, विचार करावा लागेल.

२२ मार्च, रविवार

बायकोचा मेसेज. निकाल अकरा तारखेला लागला, तुला कळवलं असेलच. आम्ही येत्या रविवारी निघतोय. शनिवारी चारला भावाकडे ये, मुंगीला तुला भेटायचंय.

तीनदा वाचला. मग लक्षात आलं, डाव आहे. निरोपाला गेलो म्हणजे माझी संमती झाली. शिवाय शाळेचा दाखला माझ्या सहीशिवाय मिळत नाही. दाखला नाही तर नवी शाळा नाही, शाळा नाही तर जाणं नाही. स्टेअरिंग अजून माझ्याच हातात आहे.

जायचं नाही. पक्कं.

२८ मार्च, शनिवार

४.००. घरीच. ऑम्लेट केलं, चांगलं झालं.

४.३५. फोन वाजला, बायकोचा नंबर. उचलला नाही.

४.५०. पुन्हा.

५.१५. आता वाजत नाही.

३० मार्च, सोमवार

शाळेत फोन केला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, दाखला अठरालाच दिला. माझ्या सहीशिवाय कसा दिला? म्हणाल्या, कोर्टाचा आदेश जोडलाय, आता आईचीच सही लागते. पुढे म्हणाल्या, गोड मुलगी, सगळ्यांना नाव घालून कार्डं देऊन गेली.

मेहुण्याला फोन केला. म्हणाला, काल सकाळी गेल्या. मुंगी शनिवारी सात वाजेपर्यंत फाटकावर उभी होती, दाजी. मला आत आणवेना.

७ एप्रिल, मंगळवार

नक्कल विभागातून निकालाची प्रत आणली. एकोणीस पानं. घटस्फोट मंजूर. ताबा आईकडे. मला रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉल, मोठ्या सुट्टीत पंधरा दिवस, तेही आईच्या सोयीने. सगळीकडे 'प्रतिवादी गैरहजर'. मी मोजलं, तेवीस वेळा.

परिच्छेद चौदा उतरवून ठेवतो. "मुलीशी चेंबरमध्ये स्वतंत्रपणे बोलणे झाले. तिने सांगितले की तिला आई व वडील दोघेही आवडतात, व आई नोकरीसाठी परदेशी गेल्यास तिला वडिलांकडे राहायला आवडेल, कारण ते एकटे आहेत. वडील येतील म्हणून ती स्वतःच्या हट्टाने तिन्ही तारखांना शाळा बुडवून आली व बाहेरच्या बाकावर बसून राहिली. वडिलांची बाजू ऐकण्याची या न्यायालयाची इच्छा होती. ते आले नाहीत."

पुढचं वाचलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार, दुपारी २.४०

कोर्टात. पायरी चढलो. अर्जाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, एकतर्फी निकाल रद्द करून मागता येतो, पण तीस दिवसांत. उद्या तिसावा. चार पानी फॉर्म दिला.

नाव, पत्ता, मुलीचं नाव, वय, सगळं भरलं. रकाना अकरा: तिन्ही तारखांना गैरहजर राहण्याचे सबळ कारण. 'नोटीस मिळाली नाही' लिहिलं. फाईलमध्ये नकाराचा शेरा आणि बेलिफचा पंचनामा आहे. खोडलं. 'प्रकृती'. खोडलं. 'कार्यालयीन काम'. दुसऱ्या बुधवारी तर रजा टाकून गाडी समोर लावून बसलो होतो. खोडलं.

दुसरा फॉर्म मागितला. कारकुनाला विचारलं, हे कोण कोण वाचतं? म्हणाला, जज, पलीकडचे वकील, आणि पुढेमागे मुलीने मागितली तर तिलाही प्रत मिळते.

तासभर बसलो. मग खरं ते लिहिलं. कुणाकडे राहायचं असं विचारल्यावर मुलगी माझ्या देखत आईकडे बोट दाखवेल, अशी मला भीती वाटत होती. म्हणून आलो नाही.

खिडकीवर नेलं. कारकुनाने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. वाईट माणूस नाही. हळू आवाजात म्हणाला, "साहेब, हे सबळ कारणात बसत नाही. दुसरं काहीतरी लिहून उद्या आणा."

घरी आलो. फॉर्म समोर आहे. दुसरं कारण माझ्याकडे नाही.