पात्याचा ब्रेक मीच बसवणार

३ जून, सकाळी ८
ठरलं! गवत कापायच्या मशीनला ब्लेड-ब्रेक-क्लच मी स्वतः बसवणार. मेकॅनिक कशाला? सध्या दांड्यावरची पट्टी सोडली की अख्खं इंजिन बंद पडतं. बायको वाटेतला दगड उचलते आणि इंजिन सुरू करायला पुन्हा दोरी खेचते. खांदा भरून येतो तिचा. क्लच लावला की इंजिन चालू राहील, फक्त पातं थांबेल. मला तिची फार काळजी. गवत तीच कापते, माझी कंबर जरा नाजूक.

४ जून
पार्ट आला. माहितीपुस्तिका बाजूला ठेवली. ती नवशिक्यांसाठी.

७ जून
पाने आणि स्क्रूड्रायव्हर साइझप्रमाणे ओळीत लावले. दिवस सत्कारणी.
बायकोने खांद्याला पट्टा बांधून गवत कापलं. म्हटलं, दोन दिवस थांब की. म्हणाली, गवताला सांगा.

१० जून
पेट्रोल काढलं, मशीन आडवं केलं. पात्याचा बोल्ट हलेना. दोन तासांनी कन्या कॉलेजातून आली. म्हणे, बाबा, तुम्ही तो आवळताय. सांगितलं, आधी आवळून मग सैल करायची एक पद्धत असते. ती हसली. आजकालची पिढी.

१४ जून
क्लच बसला!! लोखंडाचा एक इवलासा तुकडा उरला. कंपनी एखादा जास्तीचा देते.

१५ जून, दुपारी
चाचणी. सासूबाई खुर्ची टाकून अंगणात. इंजिन झकास. पट्टी दाबून धरली तरी पातं ढिम्म. म्हणजे ब्रेक किती जबरदस्त, हे मी सगळ्यांना नीट समजावलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मग इंजिन तरी कशाला चालवायचं?
वय झालंय त्यांचं.

१६ जून
केबल ताणली. मग सैल केली. मग परत ताणली. बायको म्हणते, पान आठ वाचा. पुस्तिका लिहिणारा कधी अंगणात उतरला असेल का?

१९ जून
मी विचार करत असताना बायको शेजाऱ्यांचं जुनं मशीन मागून आणून दोरी खेचत बसली. खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे हात गळ्यात. माझं चुकलं नाही, पण जेवण गेलं नाही.

२१ जून
बायकोने क्लच खोलून पुन्हा बसवला. एका हाताने. कन्येने धरलं, हिने सांगितलं. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून आधी स्पार्क प्लगची वायर काढली (मी काढली नव्हती, धाडस लागतं). उरलेला तुकडा म्हणजे म्हणे चावी, शाफ्टच्या खाचेत बसते, तीच पातं फिरवते. चाळीस मिनिटं. पट्टी सोडली, पातं गप्प, इंजिन चालू.
तरी पाया माझाच.

२२ जून
कन्येची परीक्षा, बायकोचा हात गळ्यात. गवत मी कापलं. अर्ध्यावर पट्टी सोडून सावलीत टेकलो. बायको खिडकीत उभी. वाटलं, कौतुकाने बघतेय.
म्हणाली, अहो, पट्टी सोडली की पातं थांबायचं. तुम्ही नाही.