पट्टा कोणाच्या रक्ताचा

बाई, कपाट आवरताना तुमचा तो कागदाचा तुकडा सापडला. नखाएवढा, पार पिवळा पडलाय. चाळीस वर्षं होत आली. रत्नागिरीच्या कॉलेजात मी तुमची विद्यार्थिनी होते. तांबड्या पेशींना प्राणवायूच्या घातक रूपापासून वाचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तुम्हाला रक्तात बघायचं होतं, आणि मुंबईहून आलेलं रंगाचं रसायन एकाच जेलला, म्हणजे त्या पारदर्शक थलथलीत वडीला, पुरेल इतकं. "दुसऱ्याला कशाला टोचायचं?" म्हणत तुम्ही स्वतःचंच रक्त काढलंत. "पेशी नीट धुवून ठेव गो," असं सांगून नळी माझ्या हातात दिलीत आणि तासाला निघून गेलात.

दुपारी रक्त जेलमध्ये भरून त्यातून वीज सोडून झाली आणि नेमके दिवे गेले. "पोफळीच्या वीजघरातली वीज मुंबईला, नि आपण बसा वारा घालत!" तुम्ही वैतागलात. रंग यायला उजेड हवा, म्हणून ट्रे उचलून थेट व्हरांड्यातल्या उन्हात नेलात. मी मागे उभी आहे. जेल हळूहळू करवंदासारखी जांभळी होतेय आणि मध्ये एक पट्टा कोराच राहतोय. बिघडलं वाटतं सगळं, म्हणून मी हात पुढे केला, तशा तुम्ही खेकसलात, "अगो, हात नको लावू! रंग आला नाही तिथंच तर ते आहे. त्यानेच रंग अडवलाय." पट्टा जेवढा रुंद तेवढं विकर जास्त. मोजायचं यंत्र आपल्याकडे कुठलं? तुम्ही पट्टा कागदावर गिरवलात, कातरीने कापलात आणि वजन करायला तराजूत टाकलात. मग लहान मुलीसारख्या हसलात. "माझ्या रक्तात अजून दम आहे हो!" तो तुकडा मला बक्षीस दिलात.

बाई, पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या असतात. मी साध्याच पाण्याने धुतल्या. धुवायचं म्हणजे पाणी, एवढंच डोक्यात. पेशी फुटल्या, नळीभर लाल पाणी झालं, आणि घाबरून मी ते मोरीत ओतलं. तुम्ही यायच्या आत बोटाला सुई टोचून माझं रक्त भरलं. पुढच्याच वर्षी तुम्ही हे जग सोडून गेलात. त्यानंतर किती जणांचे पट्टे मोजले मी! माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच दिवशी मिठाचं पाणी दाखवते. का, ते सांगत नाही. हे पत्र तुकड्यासोबत कपाटातच ठेवते. खूप उत्सुकता आहे हो, बाई. तुमचा पट्टा कसा आला असता, ते तुम्हीही पाहिलं नाहीत आणि मीही.