ऊन लागू देऊ नका

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज प्रयोगशाळेत बसून तुला लिहिते आहे. तू असतीस तर आधी जेवली का म्हणून विचारलं असतंस.

आबांच्या गालातली तंबाखूची जखम भरेना, कॅन्सर निघाला, म्हणून नव्वद सालाच्या आसपास तुम्ही दोघं मुंबईला गेलात. तिथे एक नवीन औषध द्यायचे. शिरेतून सोडायचं, गाठीत मुरू द्यायचं आणि मग तोंडात बारीक नळीने लाल उजेड पाडायचा. उजेड पडला की औषध जागं होऊन गाठ मारायचं. शिंदखेड्याला आपल्या गल्लीत कुणाला हे खरं वाटेना. घरी सोडताना डॉक्टरांनी तुला बजावलं, "महिनाभर यांना ऊन लागू देऊ नका." तू मान हलवलीस. आपल्याकडे ऊन लागणं म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. वैशाखात घेरी येते, ताप चढतो, मग कैरीचं पन्हं पाजतात, बाहेर निघताना खिशात कांदा ठेवतात. आणि तेव्हा तर पौष चालू होता.

जळगावच्या कॉलेजातून मी आले तेव्हा आबांचा चेहरा सुजून डोळे मिटले होते, हातांवर फोड होते. तू रोज सकाळी अंगणात खाट टाकून त्यांना शेकायला बसवत होतीस. अंगातलं औषध अजून उतरलं नव्हतं, त्याला कोवळं ऊनही पुरलं. तू दारात उभी राहून सारखं एकच म्हणत होतीस, "हिवाळामा ऊन कसं लागी वं माय? कवळं ऊन व्हतं!" आबा आतून म्हणाले, "जाऊ दे, तुनं काय चुकनं?" पण त्या भाजण्याची धास्ती घेऊन उजेडाच्या ठरलेल्या दुसऱ्या खेपेला ते काही मुंबईला गेले नाहीत. पुढच्या दिवाळीला ते नव्हते.

त्यानंतर तू जगलीस ती एकच वाक्य घेऊन. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. "मीच मारं तेसले." इथे प्रयोगशाळेत मी तसल्याच उजेडाने जागं होणाऱ्या औषधावर काम करते; ते अंधुक खोलीत हाताळावं लागतं. दिवा मालवला की अजूनही मागून तुझं तेच वाक्य येतं, आणि मी वळून बघते. सहकारी हसतात.

आता नीट ऐक. तो उजेड मांसात बोटाच्या पेराइतकाही आत जात नाही. आबांच्या जबड्याखाली गाठ होती, मुंबईच्याही आधीची. दाढी करताना ते वस्तरा तिथे जपून फिरवायचे. दुखणं केव्हाच खाली उतरलं होतं. दुसरी खेपसुद्धा तिथवर पोचली नसती. म्हणूनच आम्ही आता उजेडाला दुसऱ्या औषधाची जोड देतो. उजेडाने मेलेल्या पेशींवरून शरीर शत्रू ओळखायला शिकतं, आणि या दुसऱ्या औषधाने चेतवलेली त्याची प्रतिकारशक्ती लांबच्या गाठींनाही शोधून काढते. अजून हे उंदरांपुरतंच आहे. एकाच कुशीवर उजेड टाकला होता, पण दुसऱ्या कुशीवरची गाठही विरली. ते पाहिलं त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले.

तर माय, तू त्यांना मारलं नाहीस. हे मी कुणालाही पटवून देईन. फक्त हे पत्र तुला पोचणार नाही याचं मला बरंच वाटतं. तू माझ्याकडे बघून विचारलं असतंस, तुला पटलं का? आणि मला सांगावं लागलं असतं, की आबांची आठवण आली की अजूनही आधी तुझाच राग येतो.