बळीरामाचं काय करायचं?

४ ऑगस्ट

बळीराम आज ऐकेचना! त्याला केळीचे घड घेऊन वसईच्या बाजारात पाठवलं होतं — स्वारीने स्कूटर वळवली आणि थेट राजोडीचा किनारा गाठला. तिथे काय काम? मला काय ठाऊक, मी फक्त त्याची लेखिका! दिवाळी अंकाच्या संपादकांना महिनाअखेर कथा हवी आहे आणि माझा नायक समुद्र बघत बसलाय.

मजा येते पण. इतकं राजरोस खोटं बोलायला दुसरीकडे कुठे मिळतं?

६ ऑगस्ट

विलासला वाचून दाखवलं. सातिवलीच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस — दुसऱ्या पानावर घोरायला लागला. नवरा वाचक म्हणून कुचकामी!

मग दुपारी ओटीवर कमळीआत्याला गाठलं. विलासची आत्या. तिचे यजमान तरुणपणी बोटीवर नोकरीला गेले ते आलेच नाहीत. पत्र नाही, खबर नाही. तेव्हापासून ती इथेच, माहेरी. रोज कुंकू लावते, आणि घरात तो विषय कोणी काढत नाही.

श्रावण म्हणजे हारांची घाई. हात तगरीच्या कळ्या ओवतायत, कान माझ्याकडे. ऐकून झाल्यावर म्हणाली, "घरात शिरताना शीळ घालतो का नाय तो?"

"नाही गं."

"घालतो," म्हणाली, आणि पुढची कळी उचलली.

घातली शीळ. काय चपखल बसली!

११ ऑगस्ट

आत्या म्हणजे खाण आहे! बळीराम चहा बशीत ओततो, निववतो आणि परत कपात ओतून पितो. बायकोवर रागावला की तिच्याशी न बोलता मांजराशी बोलतो — "सांग गो हिला, मीठ कमी हाय." सात जन्मांत मला हे सुचलं नसतं. मी आपली सगळं उतरवून घेते आणि पात्र आपोआप वाढतंय म्हणून मिरवते.

१३ ऑगस्ट

शेजारची डायना फुलं न्यायला आली ती बसलीच. "मग, बळीरामचं काय झालं पुढे?" आत्याने गावभर केलंय! मार्सेलने म्हणे त्याला बाजारात पाहिलासुद्धा. मार्सेल म्हणजे डायनाचा नवरा. तो काहीही पाहतो.

१९ ऑगस्ट

संपादकांचा फोन. "शेवटी काहीतरी घडू द्या हो, आशालताबाई. मारा त्याला!"

मारा म्हणे. ह्यांचं काय जातंय! पण कथेलाही तेच हवंय, हे मला कधीच कळलं होतं. रडत रडत मारला. मग पुन्हा वाचलं, इतकं झकास उतरलं होतं की खूश होऊन भजी तळली. लेखक ही जात काही धड नाही.

२१ ऑगस्ट

आत्याला शेवट वाचून दाखवला.

तिचे हात थांबले. अर्धा हार तसाच ठेवून उठली, न्हाणीत गेली, डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या केसांनी येऊन म्हणाली, "आता फुलांना हात लावायची नाय मी. देवाची फुलं ती."

सुतक! बळीरामाचं! विलास हसून हसून लोळला. मीही हसले. संध्याकाळपर्यंत टोपलीतल्या कळ्या पिवळ्या पडल्या आणि मग मात्र नाही हसू आलं.

२२ ऑगस्ट

आजही ओटी रिकामी. आत्या मागच्या दारी नुसती बसून.

नाही सोसवत मला हे. म्हातारीला गप्पा मारायला एक माणूस मिळाला होता, तोही मीच मारला! संपादक गेले उडत. शेवट बदलला. बळीराम शीळ घालत घरी येतो, मांजराला विचारतो, "जेवलीस काय गो?" कथा जरा पडली. पडू दे. उद्या आत्याला वाचून दाखवते, चांगली खुलेल!

२३ ऑगस्ट

वाचलं. मांजराच्या वाक्याला हसली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझा ऱ्हाऊ दे जिवंत. माझा गेला. इतक्या वर्सांत येऊन सांगनारं कोनी नव्हतं गो. तू सांगितलंस."

मी उठले. न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.