पंखात शिरलेलं खारं पाणी

बाबा, आज घरातल्या कपाटाचं प्लायवूड कोपऱ्यात सुटलेलं दिसलं आणि मी ते बोटांनी वाजवत बसलो. सून म्हणाली, थोडा गोंद लावला की बसेल. तिला काय सांगू? तुला तरी तेव्हा कुठे धड सांगितलं होतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात मासे धरायचा डोंगा तलावात बुडवून ठेवायचा. लाकूड उन्हानं तडकतं, पाण्यात टिकतं, हे तुझ्याच हाताखाली शिकलो. तेच डोक्यात घेऊन दूर दक्षिणेला, समुद्रकाठी विमानं दुरुस्त करायला गेलो. तिथली लहान विमानं लाकडाची. पातळ पापुद्रे सरसानं एकावर एक चिकटवून केलेले पंख. पंख ओला दिसला तरी मी बेफिकीर, पाण्यानं लाकडाचं काय वाकडं होणार? पण आपला डोंगा एकाच खोडातून कोरलेला आणि आपलं पाणी गोडं. इथे खारी हवा कडेच्या फटीतून आत शिरायची. वरून पंख सुकायचा, मीठ मात्र आतच राहायचं. ते पुन्हा ओल ओढायचं, सरस ढिला पडायचा. वरचा रंग तेवढा झकास.

दुरुस्ती ज्यानं केली त्यानंच पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या मागे बसायचं, असा तिथला दंडक. त्या सकाळी मी बोटांनी पंख वाजवून पाहिला, तर एका जागी आवाज बद्द आला. मोठ्या मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, थोडी ओल आहे, उन्हात जाईल. मलाही तेच खरं असावं असं वाटत होतं, म्हणून बसलो. वर गेलो आणि पंख थरथरायला लागतो, कडेचा पापुद्रा सुटून फडफडतोय, खाली नुसता समुद्र. मी बैठकीचा काठ दोन्ही हातांनी धरला, बाबा. कसेबसे उतरलो. पंख उघडला तर सरसाचं पीठ झालेलं, हात लावला की गळत होतं.

मग सुट्टीत घरी आलो. तू मला डोंग्यातून जाळं काढायला नेलंस. मी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसलेला. लहानपणी याच पाण्यात पोहलेला पोरगा! तू हसायला लागलास, मग माझ्या हातांकडे बघून जाळं ओढायचं थांबवलंस. काय झालं ते विचारलं नाहीस.

"भेव वाटते तं नोको जाऊ. इथीच राय. मासोळ्या हायेत, धान हाये," एवढंच म्हणालास.

"नाई बाबा, मले कायचं भेव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला मोटारीपर्यंत पोचवायला आलास. पिशवी शेवटपर्यंत तुझ्याच हातात होती. मी चपलेचा पट्टा नीट करत बसलो, पाणी पिऊन आलो, चढायला मुद्दाम वेळ लावला. तू रस्त्याकडे बघत होतास. शेवटी चढलो, मोटार सुटली. पुढे कितीतरी वर्षं मी तसल्याच पंखांच्या मागे बसलो, आणि दर वेळी जमीन सुटली की तसाच बैठकीचा काठ धरायचो.

आता हे पाठवू तरी कुठे? पण खरं सांगतो बाबा, त्या दिवशी तू अजून एकदा "नोको जाऊ" म्हणाला असतास ना, तर मी चढलो नसतो.