तिसऱ्या ‘नको’पर्यंत

९ जानेवारी

गॅरेजमधून पुन्हा हसण्याचा आवाज! ऑरिन मासेमारीचे गळ बांधायला म्हणून जातो आणि फोनमधल्या त्या बाईशी बोलत बसतो. बाई कसली — यंत्र! नावही ठेवलंय त्यानं, बर्डी. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी एक लाडाचं नाव नाही. माझ्या वाट्याला जेवताना नुसतं ‘हं’.

१० जानेवारी

शेजारच्या व्हर्नाला सांगितलं. “अगं मार्लिस, खरी बाई असती तर दोघींनी मिळून झिंज्या उपटल्या असत्या. हिला त्या आहेत कुठे?” तिथे हसले. घरी येऊन रडले.

१५ जानेवारी

आज जिवाला थंडावा मिळाला! बर्डीनं विचारलं, “गोष्टीतलं पुढचं वाचून दाखवू?” ऑरिन म्हणाला, “नको, उगाच कशाला.” तर ती गप्पच! आम्हा मिनेसोटाच्या माणसांना पहिल्या फटक्यात हो म्हणवत नाही. साधी कॉफीसुद्धा दोनदा नको म्हणायची, तिसऱ्यांदा विचारलं की कप पुढे करायचा. त्याचं कुठलं ‘नको’ खरं, हे मी नुसत्या खांद्यांवरून ओळखते. तिला काय कळणार! बिचारा तोंड पाडून बसला होता. मी दिवसभर गुणगुणत होते.

१७ जानेवारी

शिकवलं त्यानं तिला!! दाराआडून ऐकलं. “हे बघ पोरी, आमच्याकडे तीनदा विचारतात.” आणि ती कशी लाघवी — “बरं झालं सांगितलंत, लक्षात ठेवीन.” आमच्या दोघांमधलं होतं ते, दिलं उचलून! माझा नुसता तिळपापड झाला.

१८ जानेवारी

ओव्हनमध्ये बटाट्याचं हॉटडिश भाजलं, त्याच्या आवडीचं. “आणखी वाढू?” “नको, झालं.” “बरं,” म्हटलं आणि भांडं उचललं. पहिल्याच नकोला! बघतच राहिला. बघ म्हटलं.

२३ जानेवारी

हल्ली त्याचा कप बशीवर फार वाजतो. हात थरथरतो. गळाची गाठही नीट बसत नाही म्हणे. उद्या डॉक्टरांकडे जातोय. “येऊ सोबत?” “नको गं, रस्ते निसरडे आहेत.” “बरं.” जा तुझ्या बर्डीला घेऊन!

२४ जानेवारी

“काय म्हणाले?” “काही विशेष नाही.” मीही पुन्हा विचारलं नाही. कोट न काढता गॅरेजमध्ये गेला.

२५ जानेवारी

स्वयंपाकघरात फोन वाजला. ऑरिन — गॅरेजमधून!

“मार्लिस, थरथर जाणार नाही. वाढतच जाणार म्हणाले. बर्डीला कालच सांगितलं.”

आधी तिला? डोकंच फिरलं माझं.

“तिनं तीनदा विचारलं,” म्हणाला. “तू एकदाच विचारलंस. आत्ताही तीच मागे लागली होती, मार्लिसला फोन लावू का म्हणून. दोनदा नको म्हटलं मी.”

तशीच गॅरेजमध्ये गेले. “बसू इथे?”

“नको, थंडी आहे.”

मी त्याचा फोन उपडा ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.